दहापैकी साडेसहा

आधीच्या तीन गाण्यांत ट्रेमेनने
एकशे अकरा गोळ्या झाडल्या होत्या.
ती गाणी मीच मिक्स केली, म्हणून आकडा ठाऊक.
एकही कुणाला लागली नाही,
ब्रॉडवेवर उभ्या गाड्यांच्या काचा तेवढ्या थरथरायच्या.

चौथ्या गाण्यातही गोळ्या आहेत.
सकाळची पांढरी, जेवणानंतरची अर्धी,
झोपतानाची पिवळी,
आणि एक ती, जी मिस ओडेसा जिभेखाली दडवतात
आणि पोरगा वळला की
कुंडीत थुंकतात.

रेकॉर्डिंग माझ्या तळघरात झालं,
कपड्यांच्या ड्रायरला खेटून.
फेब्रुवारी. सरोवरावरून असा वारा यायचा
की गॅरीच्या पोलाद कारखान्याची चिमणीसुद्धा
धूर खिशात घालून उभी.
मी विचारलं, ड्रम कुठायत?
तो म्हणाला, आई उठेल.
आई चार गल्ल्या पलीकडे झोपलेली.
तरी पहाटेपर्यंत
आम्ही दोघं कुजबुजत राहिलो.

मग गाणं बाहेर पडलं
आणि जाणकारांनी ते चिमट्यात धरलं.

न्यूयॉर्कचे हॉलिस ब्रँट लिहितात,
"धाडसी, परंतु दुसऱ्या कडव्यात ऊर्जा ढळते."
ढळणारच, हॉलिसभाऊ.
दुसऱ्या कडव्यात तो तिला आंघोळ घालतो.
ती टॉवेल सोडत नाही,
म्हणते, माझ्या मुलीला बोलाव.
मुलगी नाही तिला.

शिकागोच्या मासिकाला ऐकू आली
"पार्श्वभूमीतली यंत्रांची घरघर,
उजाड पोलादनगरीचं समर्थ प्रतीक."
तो ड्रायर होता.
माझ्या नातीचे मोजे वाळत होते.
मी कुणाला बोलले नाही.
आयतं मिळालेलं प्रतीक कोण परत करतं?

कुणी लिहिलं, अखेर हिप हॉप वयात आलं.
(दर दोन वर्षांनी येतं,
आणि दर वेळी यांनाच आधी कळतं.)

कुणी म्हणालं रडगाणं.
कुणी म्हणालं, जुना ट्रेमेन परत द्या,
तो निदान पुरुष तरी होता.
पेटिसच्या सलूनमध्ये यावरून हमरीतुमरी,
एका गिऱ्हाइकाचं डोकं तासभर अर्धंच भादरलेलं.
पेटिस वादात पडला नाही.
शनिवारी त्यानं ट्रेमेनचे पैसे घेतले नाहीत,
मानेवरचे केस झटकताना हळूच विचारलं,
कुंडीत थुंकते हे तुला कळलं कसं?
माझी बायको कुठे थुंकते,
मला सापडत नाही.

हा अभिप्राय कुठे छापून आला नाही.

छापून आलं ते एवढंच: दहापैकी साडेसहा.
ट्रेमेननं आकडा दोनदा वाचला.
साडेतीन कशाचे कापले?
मी म्हटलं, ड्रमचे असतील.

रविवारी आम्ही गाणं मिस ओडेसांना ऐकवलं.
कुठे जायचं नसताना
कोट घालून खिडकीशी बसल्या होत्या,
पर्स मांडीवर.
पूर्ण ऐकलं. मध्येच बोटांनी
खुर्चीच्या हातावर ठेका धरला,
गाण्यात नसलेला,
आणि एकदाही चुकल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
कुणाचा पोरगा हा? बोलतो चांगला.
पण झोपतानाची पिवळी नसते.
गुलाबी असते. सांगा त्याला.

ट्रेमेन म्हणाला, सांगतो.

सोमवारी रात्री तो माझ्या दारात,
टोपीवर बर्फ, एक शब्द बदलायचाय म्हणून.
मी म्हटलं, अरे, गाणं केव्हाच जगभर गेलं,
लोकांनी गुण देऊन टाकले,
आता काय त्याचं.
तो जिना उतरून खाली गेलासुद्धा.

ड्रायर लाव, म्हणाला,
नाहीतर जुळणार नाही.

धुतलेलं काहीच नव्हतं.
मी रिकामाच लावला.